कबड्डीचे नियमपुस्तक : भिलाई ते हांगझोऊ

१९७८ साली राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेच्या रौप्यमहोत्सवासाठी देशभरातले कबड्डी संघटक भिलाईत जमले, तेव्हा हे शहर अजून तरुण होते. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दुर्ग जिल्ह्यातल्या भातशेतीच्या मुलखात सेक्टरांची आखीव वसाहत उभी राहिली. नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग करत भिलाईला पोचते. त्याच वाटेने विदर्भातली मराठी कुटुंबे इथे आली. आंध्र, बंगाल, पंजाब, केरळमधूनही कामगार आले.

प्रत्येकाच्या मुलखात कबड्डीचा एक वेगळा अवतार होता. महाराष्ट्रात हुतुतू, दक्षिणेत चेडुगुडु, बंगालमध्ये हाडुडु, पंजाबात गोल मैदानावरची कबड्डी. दम धरून पलीकडच्या अंगणात शिरायचे, कुणाला तरी शिवून परत यायचे, एवढा गाभा सगळीकडे सारखा. बाकी गावोगावी फरक. बाद झालेल्याचे पुढे काय करायचे, डाव कधी संपला म्हणायचे, एका बाजूला किती गडी असावेत, या प्रत्येक प्रश्नाला वेगळे उत्तर होते.

अशा शहरात त्या वर्षी भरलेल्या खास परिषदेत आशियाई हौशी कबड्डी महासंघाची स्थापना झाली. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होते. छत्तीसगड राज्य व्हायला अजून २२ वर्षे होती. या परिषदेने कबड्डी देशाच्या सीमेबाहेर नेण्याची अधिकृत व्यवस्था उभी केली. पुढच्याच वर्षी प्रा. सुंदर राम या महासंघाच्या वतीने जपानला गेले आणि दोन महिने तिथल्या लोकांना हा खेळ शिकवत राहिले. ज्यांनी कबड्डी कधी पाहिलीही नव्हती, त्यांना ती शिकवायची तर ‘आमच्याकडे असे खेळतात’ एवढ्याने भागणार नव्हते. हातात एकच नियमपुस्तक असावे लागणार होते.

ते पुस्तक तोवर साठ वर्षे लिहिले जात होते, आणि त्याच्या जवळपास प्रत्येक पानावर वाद झाला होता.

कबड्डीचे तीन जुने प्रकार महाराष्ट्रातल्या जाणत्यांना नावानिशी ठाऊक असत : संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला गडी बाहेर बसायचा तो सगळा संघ बाद होईपर्यंत. सगळे बाद झाले की प्रतिपक्षाला एक गुण मिळायचा आणि नवा डाव सुरू व्हायचा. असे पाच किंवा सात गुण होईपर्यंत सामना चालायचा. वेळेचे बंधन नव्हते. अमरमध्ये कुणी बाहेर जातच नसे. शिवला गेलेला गडी मैदानातच राहायचा, प्रतिपक्षाच्या नावावर गुण चढायचा आणि खेळ न थांबता चालू राहायचा. संजीवनीत बाद झालेला बाहेर जायचा, पण समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक परत आत यायचा.

यातला कोणता प्रकार ‘खरी कबड्डी’ मानायचा, हा वाद नुसत्या अभिमानाचा नव्हता. गामिनीत पहिल्याच झटापटीत सर्वोत्तम चढाईपटू बाद झाला तर तो बराच काळ नुसता बघत बसे, आणि सामना केव्हा संपेल ते आयोजकालाही सांगता येत नसे. पण एकेक गडी टिपत समोरचे मैदान रिकामे करण्यातली चिकाटी गामिनीतच पाहायला मिळे. अमरमध्ये सगळे शेवटपर्यंत खेळत. मात्र बाद होण्याची भीतीच नसल्याने पकडीची जोखीम हलकी व्हायची, आणि सगळी भिस्त गुण टिपणाऱ्या पंचावर राहायची. संजीवनीत गुणही हलत आणि संघाची ताकदही हलत राही. तीन गड्यांवर आलेला संघ पाच मिनिटांत पुन्हा सातवर येऊ शकत असे. ठरावीक वेळेत सामना संपवायचा आणि निकालाची उत्कंठा अखेरपर्यंत टिकवायची तर संजीवनीची चौकट सोयीची होती.

महाराष्ट्रात १९१८ च्या सुमारास नियम बांधायला सुरुवात झाली. सुरुवातीच्या स्पर्धांत संजीवनी आणि गामिनी यांची सांगड घालून पाहिली गेली. १९२३ मध्ये नियम छापले गेले आणि त्याच वर्षी बडोद्याला हिंदविजय जिमखान्याच्या अखिल भारतीय स्पर्धेत ते वापरले गेले. आधी स्थानिक स्पर्धांत मिश्र नियम, मग दुरुस्ती, मग छापील पुस्तक, मग मोठी स्पर्धा, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या पिढीने खेळ बदलला, पण बदललेला खेळ सगळ्यांच्या हातात छापून ठेवला आणि त्यानंतरच अखिल भारतीय मैदान आखले.

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवली. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ मध्ये उभ्या केलेल्या या संस्थेमुळे विदर्भातला खेळ युरोपने पाहिला. १९३८ मध्ये कोलकात्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत कबड्डीला जागा मिळाली. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कोलकात्यात झाली. १९७२ मध्ये महासंघाची पुनर्रचना होऊन भारतीय हौशी कबड्डी महासंघ झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या सदानंद शेट्ये यांना कबड्डीतला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात संघटना बांधण्यासाठी आयुष्य वेचणारे शंकरराव तथा बुवा साळवी याच पिढीतले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो.

या काळात नियमांचा सांगाडा पक्का होत गेला. पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचे १२ बाय ८. प्रत्येक बाजूला सात खेळाडू. पुरुषांसाठी वीस मिनिटांची दोन सत्रे, महिलांसाठी पंधरा. समोरचा सगळा संघ बाद केला की लोण आणि त्याचे दोन जादा गुण. मैदानावर आखलेल्या प्रत्येक रेषेमागे कुठला ना कुठला भांडणाचा मुद्दा आहे. चढाईपटू मध्यरेषेजवळच घुटमळून परत येऊ लागला, म्हणून निदान रेषा ओलांडणे सक्तीचे. सातही बचावपटू मागे सरून बसले तर कुणी आत शिरेना, म्हणून बोनस रेषा : समोर किमान सहा बचावपटू असताना ती ओलांडली की एक गुण. झटापट सुरू झाली की मैदान अपुरे पडते, म्हणून दोन्ही कडांना राखीव क्षेत्र. पण ते खुले होते फक्त स्पर्श झाल्यावर. या शेवटच्या अटीने पुढे, २०२३ मध्ये, साऱ्या आशियाला वेठीस धरले.

भिलाईनंतर खेळ वेगाने पसरला. १९७४ मध्ये भारतीय संघ बांगलादेशला जाऊन आला होता. १९७९ मध्ये बांगलादेशचा संघ परतभेटीला भारतात आला. १९८० मध्ये कोलकात्याला पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. भारत विजेता आणि बांगलादेश उपविजेता ठरला. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांत प्रात्यक्षिक झाले आणि १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी पदकाचा खेळ झाली. तिथपासून २०१४ च्या इंचिऑनपर्यंत पुरुषांचे प्रत्येक सुवर्णपदक भारताचे होते. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कबड्डी महासंघ आला. त्याच वर्षी मुंबईत पहिला विश्वचषक झाला, २००७ मध्ये पनवेलला दुसरा.

दरम्यान माती जाऊन मॅट आली. आंतरराष्ट्रीय स्पर्धा बंदिस्त सभागृहात घ्यायच्या तर मॅट हवीच होती, पण तिने खेळाची चाल बदलली. मातीत पाय रुतवून घोटा पकडणारा कोपरारक्षक आणि मॅटवर बूट घालून झेपावणारा कोपरारक्षक यांची तयारी वेगळी असते. ज्या तालुक्यात मॅट नाही तिथला मुलगा मातीत घडतो आणि निवड चाचणीला मॅटवर उतरतो. हा बदल नियमपुस्तकात दोन ओळींचा असेल, पण गावातल्या खेळाडूला तो वर्षा-दोन वर्षांच्या सरावाचा असतो.

मग घड्याळ आले.

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये यू मुम्बा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्या सामन्याने प्रो कबड्डी लीग सुरू झाली. आनंद महिंद्र आणि चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्सने उभी केलेली ही आठ संघांची स्पर्धा स्टार स्पोर्ट्सच्या वाहिन्यांवरून घराघरांत पोचली. टीव्हीवर हा खेळ कसा दिसेल, याचा विचार तिच्या नियमांतच होता. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. बचावात तीन किंवा त्याहून कमी गडी असताना पकड यशस्वी झाली तर ती ‘अव्वल पकड’, आणि तिला एक गुण जास्तीचा.

जाणत्यांमध्ये यावर खडाजंगी झाली, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे मोलाचे होते.

जुन्या पिढीचा आक्षेप दमाबद्दल होता. चढाई किती वेळ चालावी हे शेकडो वर्षे माणसाच्या छातीने ठरवले होते. दम हेच घड्याळ होते, आणि ते ज्याचे त्याने कमावलेले होते. तीस सेकंदांचा भोंगा आला तशी ही कमाई दुय्यम झाली. ‘कबड्डी कबड्डी’ स्पष्ट आणि सलग म्हणण्याचा नियम पुस्तकात राहिला, पण प्रेक्षकाचे डोळे आकड्यांकडे लागले. दुसरा आक्षेप डावपेचांचा. दोन गुणांची आघाडी घेऊन शेवटची पाच मिनिटे रिकाम्या चढायांवर काढणे ही कर्णधाराची अक्कलहुशारी होती. समोरच्याला उतावीळ करायचे, चूक करायला लावायची आणि मग टिपायचे, हे मुंबई-पुण्याच्या आणि सांगली-कोल्हापूरच्या मैदानांवर मुरलेले तंत्र. तिसऱ्या चढाईच्या सक्तीने ते मोडीत काढले.

नव्या नियमांच्या पाठीराख्यांचे म्हणणे असे की रिकाम्या चढायांनीच खेळाचा जीव घेतला. वीस मिनिटांच्या सत्रात दहा मिनिटे काहीच घडत नसेल तर नवा प्रेक्षक पुन्हा येत नाही, आणि प्रेक्षक नसेल तर खेळाडूला मानधन मिळत नाही. अव्वल पकडीने तर खेळाची मोठी सेवा केली. पूर्वी दोन गड्यांवर आलेला संघ लोण पत्करायच्या तयारीत असायचा; आता तेच दोघे एका पकडीने दोन गुण घेऊन सामना फिरवू शकतात. यू मुम्बाचा अनुप कुमार डोके शांत ठेवून बोनस टिपायचा, तेव्हा त्याच्या खेळातली जुन्या वळणाची समज नव्या घड्याळातही शाबूत होती, हेही लोकांनी पाहिले. नियम कोणताही असो, चांगला खेळाडू त्यात आपली जागा शोधतो.

अशाच प्रश्नाला अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलने कसे हाताळले, ते इथे पाहण्यासारखे आहे. तिथेही सामने लांबत चालले होते आणि चेंडू फेकणारा दोन चेंडूंच्या मधे मनमुराद वेळ घेत होता. मुख्य संघटनेने, म्हणजे मेजर लीग बेसबॉलने, थेट आपल्या मैदानावर प्रयोग केले नाहीत. २०१९ मध्ये तिने अटलांटिक लीग या स्वतंत्र स्पर्धेशी करार केला आणि नवे नियम आधी तिथे लावून पाहायचे ठरवले. चेंडू बरोबर पट्ट्यात पडला की नाही हे यंत्राने ठरवण्याची चाचणी त्याच वर्षी तिथे झाली. २०२१ मध्ये चेंडू फेकण्याची जागा एक फूट मागे सरकवून पाहिली. ते जमले नाही आणि मुख्य लीगपर्यंत पोचलेच नाही. चेंडूफेकीचे घड्याळ दुय्यम लीगांत घासूनपुसून झाल्यावर २०२३ मध्ये मुख्य लीगमध्ये आले आणि सामन्याचा सरासरी वेळ सुमारे तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आला. तिथल्या परंपराप्रेमींनी या प्रत्येक टप्प्यावर कडाडून विरोध केला. पण वाद चालू असताना खेळाडूला एवढे नक्की ठाऊक होते की आज या मैदानावर कोणता नियम लागू आहे.

कबड्डीत घडले ते उलट्या क्रमाने. प्रयोग सगळ्यात झगझगीत मैदानावर झाला, आणि जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, आशियाई पातळ्या मागून धावत राहिल्या. काही नियम महासंघाने उचलले. काही लीगपुरते राहिले. त्यातच २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भारतीय महासंघाचा कारभार प्रशासकाकडे सोपवला. लीग दरवर्षी पुढे जात असताना जिने नियमांचे पालकत्व करायचे ती संस्थाच घरच्या भांडणात अडकली होती. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने भारतीय पुरुषांना उपांत्य फेरीत आणि महिलांना अंतिम फेरीत हरवले. इराणचे फझल अत्राचलीसारखे खेळाडू तोवर भारतीय लीगमध्येच कसलेले होते.

७ ऑक्टोबर २०२३. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुरुषांचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. गुणफलक २८-२८, सुमारे एक मिनिट शिल्लक. कर्णधार पवन सेहरावत तिसऱ्या चढाईला गेला. गुण हवाच होता. कुणालाही न शिवता तो राखीव क्षेत्रात गेला आणि त्याला धरायला इराणचे बचावपटूही त्याच्या मागे तिथे शिरले.

आता गुण कुणाला? जुन्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार स्पर्शाविना राखीव क्षेत्रात गेलेला चढाईपटू बाद, आणि त्याच्या मागे तिथे उतरलेले बचावपटूही बाद. लीगने बदललेल्या नियमानुसार चढाईपटूचा पाय तिथे पडला की चढाई संपली. नंतर आत आलेल्यांचा प्रश्नच येत नाही. पहिल्या हिशेबाने भारताला गुणांची रास मिळत होती, दुसऱ्याने इराणला एकटा एक गुण आणि आघाडी. आणि इराणचे प्रमुख खेळाडू लीगमध्ये दुसऱ्या नियमाखाली खेळत आले होते, पवनही तसाच.

पंचांनी निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. खेळाडू मॅटवर बसून राहिले. सामना तासभर खोळंबला. अखेर जुना नियम धरून भारताच्या बाजूने कौल गेला आणि सामना ३३-२९ असा संपला. भारताने सुवर्णपदक परत मिळवले, पण त्या तासात कुणाचाही खेळ मोठा झाला नाही. वर्षानुवर्षे घाम गाळलेल्या चौदा खेळाडूंचे भवितव्य कोणते पुस्तक उघडायचे यावर टांगले गेले होते. भिलाईच्या परिषदेपासून पंचेचाळीस वर्षांनी, त्याच आशियाई कुटुंबातल्या दोन सर्वोत्तम संघांपुढे एकच पुस्तक नव्हते.

या घटनेवरून ‘लीगने खेळ बिघडवला’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण कबड्डीचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. १९१८ चे नियम बांधणारे, संजीवनी-गामिनीची सांगड घालून पाहणारे, निदान रेषा आखणारे हे सारे आपापल्या काळातले प्रयोग करणारेच होते. मागे पडलेले प्रकारही पुरते मेलेले नाहीत. बाद फेरीतला सामना बरोबरीत सुटला की दोन्ही संघांना पाच-पाच चढाया मिळतात. त्या वेळी कुणी बाद होऊन बाहेर जात नाही, कुणी जिवंत होऊन परत येत नाही. सातही जण उभे राहतात आणि फक्त गुण मोजले जातात. हे जुन्या अमरचेच तत्त्व आहे. शंभर वर्षांपूर्वी मुख्य खेळासाठी ज्याला नकार मिळाला, ते आज सर्वांत निर्णायक क्षणी कामाला येते. म्हणून कोणत्याही बदलाला तो नवा आहे एवढ्याच कारणाने नाकारणे हे खेळाच्याच परंपरेला धरून नाही.

मुद्दा आहे तो क्रमाचा आणि अधिकाराचा. बदल आधी कुठे करून पाहायचा, किती काळ पाहायचा, फसला तर कोणी मागे घ्यायचा आणि जमला तर कोणत्या तारखेपासून सर्वांना लागू करायचा, हे ठरवणारी यंत्रणा हवी. कुमार गटाच्या राज्य स्पर्धा आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा हे प्रयोगासाठी उत्तम मैदान आहे. तिथे तरुण खेळाडू असतात, सामने भरपूर होतात आणि एका चुकीमुळे कुणाचे आशियाई पदक जात नाही. शिवाय नियम बदलताना खालच्या पातळीचा खर्च मोजला पाहिजे. २०२२ मध्ये छत्तीसगड सरकारने गावपातळीपासून ‘छत्तीसगढिया ओलंपिक’ भरवले. त्यात गेंडी, भंवरा, पिट्ठुल यांच्याबरोबर कबड्डीही होती, आणि तिथे उतरणाऱ्या बहुतेकांच्या पायाखाली माती असते. तीस सेकंदांचे घड्याळ आणि चित्रफितीवरून फेरविचार हे सभागृहातल्या लीगला परवडते. धमतरी किंवा गडचिरोलीच्या मैदानावर पंचाच्या हातात शिट्टी आणि एक मनगटी घड्याळ असते. नियम असा हवा की तो पंच तेवढ्यावर तो राबवू शकेल.

२०२६ च्या आशियाई क्रीडास्पर्धा जपानमध्ये, आइची-नागोयाला आहेत. भिलाईत स्थापन झालेल्या महासंघाने १९७९ मध्ये आपला पहिला प्रचारक पाठवला तोच हा देश. तिथे पहिला सामना सुरू होण्याच्या कितीतरी आधी राखीव क्षेत्राच्या नियमाचा एकच मजकूर, जुना असो वा नवा, प्रत्येक देशाच्या प्रशिक्षकाकडे आणि प्रत्येक पंचाकडे लेखी पोचलेला असला पाहिजे. आणि तोच मजकूर मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये छापून दुर्ग, सातारा, अमरावतीच्या जिल्हा संघटनांकडेही गेला पाहिजे, कारण २०३० चे खेळाडू आज तिथेच सराव करत आहेत.